खिळा कायम, चित्र कंत्राटी

सूसमध्ये फ्लॅटचा ताबा मिळाला की माणूस आधी नळ सोडून बघतो, मग मोबाइलला रेंज येते का बघतो, आणि सामान लागलं की हॉलमधल्या मोठ्या भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहतो. भिंत दहा-अकरा फुटांची, पांढरी, बिल्डरच्या भाषेत 'ऑफ व्हाइट', आणि तिच्यावर काहीही नसतं. पाच मिनिटांनी तो आत ओरडून सांगतो, "इथे काहीतरी लावायला हवं गं." आतून उत्तर येतं, "मी कधीची तेच म्हणतेय." लग्नाला पंधरा वर्षं झालेल्या जोडप्यात एवढं एकमत सहसा होत नाही, आणि या विषयावरचं ते शेवटचंच असतं.

या संवादात चित्राचं नावही निघालेलं नाही हे लक्षात घ्या. अडचण भिंतीची आहे. आजोळच्या घरात रिकामी भिंत हा प्रकारच नव्हता. खुंट्यांवर सदरे, टोप्या, छत्री, कोनाड्यात कंदील, फळीवर पितळी डबे, मग घड्याळ, पतपेढीचं कॅलेंडर, आणि विजेची बिलं टोचून ठेवायची ती वाकडी तार. या सगळ्यातून उरलेल्या जागेत देव आणि पूर्वज. आता कपडे वॉर्डरोबमध्ये गेले, डबे ट्रॉलीत, बिलं मोबाइलमध्ये आणि पूर्वज क्लाउडवर. भिंतीला काम उरलं नाही, आणि मराठी मध्यमवर्गाला घरात रिकामं बसलेलं कुणी बघवत नाही.

सूस म्हणजे पाषाणच्या बाजूने मुंबई-बंगळुरू महामार्गावरचा पूल ओलांडला की लागतं ते. २०२१ साली ते पुणे महापालिकेच्या हद्दीत आलं, पण 'मुळशी तालुक्यातलं गाव' ही त्याची ओळख रिक्षावाल्यांनी जपून ठेवली आहे; भाडं सांगताना ते ती आवर्जून बोलून दाखवतात. गावठाणाभोवती टॉवर उभे राहतात, आणि टॉवरच्या आधी उभा राहतो तो सॅम्पल फ्लॅट. तिथले पलंग नेहमीपेक्षा आखूड, कपाटं पाठीला पाठ लावून बसवलेली, आणि सोफ्याच्या वर एक भलंमोठं कॅनव्हास: निळा-राखाडी फराटा आणि मधून फुटलेली सोनेरी भेग. किंमत ऐकल्यावर कुठेतरी बघायला हवं म्हणून ग्राहक ज्याच्याकडे टक लावून बघतो, ते हे चित्र. वीस वर्षांचे हप्ते त्याच्या साक्षीने ठरतात. मग ताबा मिळाल्यावर प्रत्येकाला 'तसंच काहीतरी' हवं असतं. आमच्या इमारतीत कुठल्याही मजल्यावर बेल वाजवा, दार उघडताच समोर निळा-राखाडी फराटा आणि सोनेरी भेग. मध्यंतरी एक आजोबा लिफ्टमधून चुकीच्या मजल्यावर उतरले, उघड्या दारातून आत गेले, सोफ्यावर बसले आणि चहा सांगून मोकळे झाले. चहा आलाही. साखर जास्त आहे म्हणाले, तेव्हा कुठे घर वेगळं असल्याचं दोन्ही बाजूंच्या लक्षात आलं.

चित्राच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न चित्राबद्दल नसतो.

"सोफा कुठला आहे?"

"एल शेप."

"रंग?"

"मस्टर्ड. म्हणजे डार्क मस्टर्ड. म्हणजे अगदी डार्क नाही, थांबा." असं म्हणून रांगेत माझ्या पुढे असलेल्या वहिनींनी पिशवीतून उशीचा अभ्रा काढला.

लक्ष्मी रोडवर साडीवर ब्लाउजपीस जुळवण्यात तीन पिढ्यांचं प्रशिक्षण झालेलं असल्यामुळे हे काम बघण्यासारखं होतं. दुकानदाराने अभ्रा एका चित्रावर धरला, दोन पावलं मागे गेला, मान तिरकी केली आणि गंभीरपणे विचारलं, "पडद्याचा तुकडा आणलाय?" आणला होता. पडदा चित्रातल्या आकाशाला जुळला, अभ्रा चित्रातल्या वाळूला जुळला, आणि चित्र घ्यायचं ठरलं. चित्रात एक होडी होती. ती दोघांनाही बिलाच्या वेळी दिसली.

सोफ्याने चित्र निवडायचं हा नियम आता इतका पक्का आहे, की त्याचे अपवाद परदेशात शोधावे लागतात. पंढरपुरात जन्मलेल्या आणि मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून दिवस काढलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचं १९५४ सालचं 'ग्रामयात्रा' हे चित्र कित्येक दशकं नॉर्वेत, ऑस्लोच्या एका रुग्णालयाकडे होतं. खेड्यातल्या जगण्याचे तेरा देखावे, लांबी चौदा फुटांच्या जवळपास. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते ११८ कोटी रुपयांवर गेलं. एवढ्या वर्षांत ते तिथल्या बाकांना जुळतं का, असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. आमच्या इमारतीत ते टिकलं नसतं. एक तर चौदा फूट लिफ्टमध्ये मावत नाही. आणि खेडंच बघायचं तर खिडकी आहे की, असं कुणीतरी म्हणालंच असतं.

रंग जुळला की उंचीचा वाद सुरू होतो. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर यावा, असा एक हिशेब जगभर सांगतात. उभ्या माणसाची नजर साधारण तिथे येते, म्हणून संग्रहालयांत तो धरतात. खाली सोफा असेल तर चित्राची रुंदी सोफ्याच्या दोन-तृतीयांश, आणि चित्राची खालची कड सोफ्याच्या पाठीपासून सहा ते आठ इंच वर. म्हणजे सात फुटी सोफ्याला ५६ इंची चित्र. भाव चौरस फुटावर असल्यामुळे दोन-तृतीयांशाचा नियम दुकानदाराला तोंडपाठ असतो. गिऱ्हाइकाला तो ऐकल्यावर अचानक टू-सीटर सोफ्याचं सौंदर्य पटायला लागतं.

माझं म्हणणं असं की हा सगळा हिशेब उभ्या माणसाचा आहे, आणि मराठी घरात पाहुण्याला उभं राहू देत नाहीत. तो चपला काढत असतो तेव्हाच "बसा, बसा ना" सुरू होतं, आणि तो बसेपर्यंत थांबत नाही. तो बसतो तो नेमका चित्राखालच्या सोफ्यावर, चित्राकडे पाठ करून. समोर टीव्ही. चित्र दिसतं ते एकट्या यजमानाला, कारण तो टीव्हीशेजारी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून बसलेला असतो, आणि त्याला ते चित्र हप्त्यांसकट पाठ असतं. ज्यांना चित्र खरोखर बघितलं जावं असं वाटतं, त्यांनी ते सोफ्याच्या समोरच्या भिंतीवर लावावं, आणि मध्य बसलेल्या माणसाच्या नजरेला, चार फुटांच्या आसपास आणावा. पण ती जागा टीव्हीने अडवलेली आहे, आणि टीव्ही हलवा असं सांगण्याइतका धीट कलासमीक्षक अजून आमच्या घरात जन्माला आलेला नाही.

जुन्या घरांतले लोक या भानगडीत पडत नसत. तसबिरी थेट आढ्याशी, दाराच्या चौकटीच्याही वर. शिवाय त्या पुढे झुकलेल्या असत. याचं कारण साधं होतं: मागची दोरी फ्रेमच्या वरच्या कडेपासून थोडी खाली बांधलेली, खालची कड भिंतीला टेकलेली, त्यामुळे वरचा भाग आपोआप पुढे यायचा. काचेवर चकाकी कमी पडायची, हार अडकवायला सोय व्हायची, आणि मागे तयार झालेल्या त्रिकोणात चिमण्या घरटं करायच्या. पणजोबांच्या कानामागून वाळक्या काड्या बाहेर आलेल्या असत आणि एका बाजूने चिवचिवाट चालू असे. त्या उंचीवरची तसबीर मान मोडल्याशिवाय नीट दिसायची नाही. पण ती आपण बघायची नसायचीच. तसबिरीतल्यांनी आपल्याला बघायचं असायचं. सकाळी शाळेला जाताना रामपंचायतन बघायचं, संध्याकाळी प्रगतिपुस्तकावर सही घेताना पणजोबा बघायचे, आणि चकल्यांच्या डब्याकडे हात गेला की दोघंही एकदम.

आताच्या चित्रांना डोळे नसतात. फराट्याला नसतात, धबधब्याला नसतात, लंडनच्या लाल बसला नसतात. गौतम बुद्धांची मुद्रा असते, पण डोळे मिटलेले. हॉलमध्ये बसून रात्री अकरा वाजता पिझ्झा मागवायचा असेल तर ही सोय मोठी आहे.

नकली कॅनव्हासला नाकं मुरडणाऱ्यांना मी मळवलीला पाठवतो. लोणावळ्याच्या अलीकडचं, कार्ले-भाजे लेण्यांजवळचं हे स्टेशन. राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला, तो पुढे मळवलीला आला आणि अखेर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. त्या छापील चित्रांवर रोगण चढवलेलं असे, कशासाठी, तर कागद तैलचित्रासारखा चमकावा म्हणून. म्हणजे 'हुबेहूब पेंटिंग वाटतं' हे वाक्य सव्वाशे वर्षांपूर्वीच मराठी भिंतीवर लागलेलं आहे. त्याच्याही आधी, १८७८ मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि मंडळींनी पुण्यात चित्रशाळा काढली होती. देवदेवता आणि इतिहासपुरुष तिथून छापून निघत. बायकांनी या चित्रांचं आणखी पुढचं केलं. लक्ष्मीच्या लुगड्यावर खरं कापड चिकटवलं, काठाला खरी जर, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी. चित्र घराला शोभेल असं करून घेणं म्हणजे काय, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. सोफाही नव्हता.

आणि त्याच भिंतीवर दुसरं एक कलादालन असे. काचेच्या मण्यांचं हंसाचं जोडपं, लोकरीचा पोपट, मखमलीवर भरलेला मोर, खाली मुलीचं नाव. चहा-पोहे संपत आले की तिची आई सहज म्हणावी तसं म्हणायची, "ते सगळं हिनंच केलंय." कलाकाराच्या देखत कलाकृतीचं परीक्षण, आणि त्यावर कलाकाराचं पुढचं आयुष्य ठरणं. मुंबईतल्या आर्ट गॅलऱ्यांतही एवढा ताण नसतो.

जुन्यातलं एक चित्र मात्र टॉवरमध्येही टिकून आहे. हातात समई घेऊन उभी असलेली, ज्योतीवर एक हात आडवा धरलेली बाई. "आमच्याकडे रविवर्मा आहे," असं म्हणून ते दाखवतात. ते रविवर्मांचं नाही. ते सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं, जलरंगातलं, आणि समई धरून उभी राहिली होती ती त्यांची मुलगी गीता. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. रविवर्मा १९०६ साली गेले, आणि हे चित्र त्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनी झालं, पण आमच्या बाराव्या मजल्यावरच्या काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "असू दे. फ्रेम रविवर्माची आहे." त्या चित्रातली सगळी गंमत एका ज्योतीचा उजेड बोटांतून झिरपून चेहऱ्यावर कसा येतो यात आहे. काकांनी वरून दोन स्पॉटलाइट सोडले आहेत. बाई आता समई कशासाठी घेऊन उभी आहे ते कळत नाही. बहुधा लाइट जाण्याची वाट बघतेय. सूसमध्ये तिला फार थांबावं लागत नाही.

आता घोडे. सात घोडे, पांढरे, उधळलेले, पाण्यातून किंवा धुळीतून धावणारे, मागे सूर्य. हे चित्र कुणी विकत घेतलं असं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. ते 'लावायला सांगितलेलं' असतं. ते पाच तुकड्यांत येतं. मधला तुकडा उंच, बाजूचे क्रमाने बुटके, दोन तुकड्यांत दोन-तीन इंचांचं अंतर. घोडे सात आणि तुकडे पाच हे गणित मुळात भागत नाही, त्यामुळे काही घोड्यांचं तोंड एका फळीवर आणि मागचा भाग दुसरीवर असतो. आमच्या शेजारी ड्रिलवाल्याने दुसरा आणि चौथा तुकडा अदलाबदल करून ठोकला. उंची सारखी, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. एक घोडा पुढून डावीकडे आणि मागून उजवीकडे धावत होता. दिवाळीत आलेल्या पाच वर्षांच्या भाच्याने तो दाखवला, तेव्हा शेजारी शांतपणे म्हणाले, "म्हणूनच प्रमोशन अडकलंय."

कुठल्या भिंतीवर कुठलं चित्र हे सांगायला वास्तूवाले आहेत. घोड्यांची तोंडं घराच्या आत हवीत, दाराकडे नकोत, नाहीतर पैसा पळतो म्हणतात. पाण्याचं चित्र उत्तरेला. पूर्वज दक्षिणेच्या भिंतीवर. बुडती जहाजं, युद्धं आणि रडकी मुलं कुठेच नकोत. आता हे मार्गदर्शन व्हिडिओ कॉलवर होतं. सल्लागार म्हणतात, मोबाइलमधलं होकायंत्र लावून भिंतीजवळ उभे राहा. आमच्या भिंती काँक्रीटच्या, आत लोखंडी सळया खच्चून भरलेल्या. मोबाइल भिंतीला टेकवला की त्यातली सुई भांबावते. एका घरात नवऱ्याची उत्तर बाल्कनीकडे निघाली, बायकोची स्वयंपाकघराकडे आणि सासूबाईंची, फोन हातात न घेताच, सूर्याकडे बघून बरोबर निघाली. धबधबा अखेर सासूबाईंच्या उत्तरेला लागला. नळाला पाणी आलं का, हा प्रश्न मी विचारला नाही. खाली टँकर मागे घेण्याचा आवाज येत होता.

भिंत सापडली तरी तिने चित्र घ्यायला हवं. पूर्वी मातीच्या भिंतीत खिळा ठोकायला लाटणं पुरायचं. नव्या टॉवरच्या भिंती अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून केलेल्या, ज्यांना सगळे 'मायवान' म्हणतात. तिथे खिळा वाकतो, हातोडी उडते आणि भिंतीला ओरखडा येतो. तोच पुढे चित्राने झाकायचा. हॅमर ड्रिल, रावल प्लग आणि स्क्रू याशिवाय इलाज नाही. आतल्या काही भिंती हलक्या ब्लॉकच्या. तिथे उलट तऱ्हा: खिळा आत जातो, आणि जातच राहतो. भाड्याच्या घरात खिळा ठोकायला मालकाची परवानगी लागते. घर सोडताना तो भिंतीवरून तळहात फिरवून एकेक भोक डिपॉझिटमधून वळतं करतो, आणि त्या भावाने पाहिलं तर भोक चित्रापेक्षा महाग पडतं.

ड्रिल करायची वेळ सोसायटीने ठरवलेली. दुपारी बंद, रविवारी बंद, परीक्षांच्या दिवसांत बंद, आणि गणपतीच्या आधी सगळ्यांचं एकदम चालू. ड्रिलवाला आला की घरातला प्रत्येक जण एकेक ठिकाणी उभा राहून सूचना देतो.

"थोडं वर."

"वर नको, डावीकडे."

"तुमची डावी की माझी?"

ड्रिलवाला पाणसळ लावून बघतो, पाणसळ सांगते सरळ आहे, आणि आजी सांगतात तिरकं आहे. आजींचं बरोबर असतं. पाणसळ चित्राला लावलेली असते आणि पीओपीची पट्टी तिरकी असते. बिल्डरने केलेलं वाकडं हेच घरातलं सरळ, असं धरून चित्र त्याला समांतर वाकडं लावायचं, हा या प्रांतातला खरा कारागिरीचा भाग आहे. तो ड्रिलवाल्यांना येतो. इंटिरियर डिझायनरांना अजून शिकायचाय.

पावसाळ्यात मात्र आमच्याकडे चित्रकला वेगळ्या कारणाने बहरते. नैऋत्येकडून येणारा पाऊस बाहेरच्या भिंतीवर सरळ आपटतो, आणि ऑगस्टपर्यंत बेडरूमच्या भिंतीवर आतून ओल उमटते. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी पहिल्या वर्षी ती झाकायला दीड बाय दोनचं चित्र आणलं. पुढच्या वर्षी ओल चित्राबाहेर आली, त्यांनी दोन बाय तीन आणलं. मग तीन बाय चार. कलासंग्रह असा वाढत गेला. नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंड्यांचं एक कॅनव्हास २०२१ साली जवळजवळ ४० कोटींना गेल्याची बातमी त्यांनी वाचली, सोबतचा फोटो बघितला, आणि चित्र उतरवून ओलीकडे आशेने बघू लागले. बायको म्हणाली, "सही कुठाय?"

विनोद सोडा, पण ओलीवर कॅनव्हास लावू नये. कापड आणि मागची लाकडी चौकट दोन्ही दमट होतात, चौकट पिळते, कापडाला मागून बुरशी धरते आणि धबधब्याच्या खाली काळे ठिपके दिसायला लागतात. लावायचंच असेल तर मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे मागून हवा खेळते. आणि पश्चिमेच्या बाल्कनीतलं ऊन थेट पडेल तिथे तर नकोच. छापील रंग काही वर्षांत उडतात. तेवढ्यात सोफाही बदललेला असतो म्हणा.

सूसमध्ये सर्वांत जास्त खपणारा विषय मात्र खेडं आहे. बैलगाडी, विहीर, डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका, कौलारू घर, मागे डोंगर. पंधराव्या मजल्यावर, जिथे काही वर्षांपूर्वी शेत होतं त्याच्या बरोबर वर, शेताचं चित्र. हंड्यावर हंडा घेतलेल्या बायकांच्या चित्राखाली बसून काकू सोसायटीच्या ग्रुपवर लिहीत असतात, 'टँकर आला का? आला तर किती वाजता सोडणार?' वारली चित्रंही भरपूर. पालघरकडे लग्नाच्या वेळी सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, आत पालघट देवी. पुढे जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला कागदावर-कापडावर आणली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्या चौकाला कुठल्या उशीशी जुळायचं नव्हतं. भिंत मातीची आणि पीठ घरचं. आमच्या लॉबीत बिल्डरने तारपा नाचाचं वारली चित्र लावलं आहे, मोरपंखी रंगावर. नवरात्रात त्याच्याखाली कमिटीने कागद चिकटवला होता: 'गरब्याची वेळ रात्री आठ ते दहा.'

खऱ्या खेड्याचं चित्र बघायचं तर गावठाणात जावं लागतं. जमिनी विकल्यानंतर बांधलेले दुमजली, तिमजली बंगले आहेत, त्यातल्या एकात एकदा जायचा योग आला. हॉल आमच्या अख्ख्या फ्लॅटएवढा. समोरच्या भिंतीवर शिवराज्याभिषेक, तो हवाच. पण सोफ्यावर, दोन-तृतीयांशाचा नियम धुडकावून सोफ्याहून लांब, कॅनव्हासवर छापलेला एक बैल. पांढराशुभ्र, कपाळावर गुलाल, शिंगांना रिबिनी, मागे घाटातली गर्दी. बैलगाडा शर्यतीचा मानकरी. सोफा जांभळा, पडदे हिरवे, बैल पांढरा. काहीही कशाला जुळत नव्हतं.

"आमचा राजा," दादा म्हणाले. "मागल्या साली गेला. नजर बघा त्याची."

मी बघितली. बैल सरळ माझ्याकडे बघत होता. मी पाय खाली घेऊन नीट बसलो. आत्तापर्यंत सूसमध्ये मी जेवढी चित्रं पाहिली, त्यातलं हे एकच असं होतं की ज्याच्यासमोर घरधनी स्वतः मुद्दाम येऊन उभा राहत होता.

आमच्याकडे टॉवरमध्ये बहुतेक चित्रं विकत घेतलेली नसतात, आलेली असतात. वास्तुशांतीला. ती टाकता येत नाहीत, कारण देणारे हयात आहेत, आणि लावता येत नाहीत, कारण सोफा मस्टर्ड आहे. पाचव्या मजल्यावरच्या काकूंनी यावर व्यवस्था बसवली आहे. हॉलमध्ये खिळा एकच. बॉक्सबेडमध्ये जुन्या चादरींत गुंडाळून तीन चित्रं: आत्यांचा झोपाळ्यावरचा राधाकृष्ण, दिरांचा धबधबा आणि काकांच्या ऑफिसमधल्यांनी दिलेलं रात्रीचं पॅरिस. येणारा पाहुणा गेटवर सिक्युरिटीला नाव सांगतो, तेवढ्या वेळात काका चित्र बदलतात. लिफ्ट हळू आहे, त्यामुळे जमतं. "खिळा कायम, चित्र कंत्राटी," असं काका म्हणतात. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आहेत.

यंदा गौरीजेवणाला आत्या आणि दीर एकाच रिक्षातून आले. सिक्युरिटीचा फोन आला तेव्हा काका शिडीवर होते, एका हातात राधाकृष्ण, दुसऱ्या हातात धबधबा. वयाचा मान म्हणून राधाकृष्ण लागला, धबधबा पलंगावर टाकून बेडरूमचं दार लावलं. जेवणं झाली, विडे झाले. आत्या वामकुक्षीला म्हणून त्याच बेडरूममध्ये गेल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "धबधबा छान आहे गं. तोच लाव की बाहेर, सोफ्याला जातो. आमचं ते राधाकृष्णाचं अजून ठेवलंयस होय? मला वाटलं एव्हाना कुणाला तरी देऊन टाकलं असशील. माझ्या नणंदेच्या नातवाची वास्तुशांत आहे पुढच्या आठवड्यात वाकडला. मी काय नेऊ त्याचाच विचार करत होते."

काकूंनी मूळ खोकं जपून ठेवलेलं होतं. थर्माकोलसकट.